सरकणारे जीवाणू

सरकणारे जीवाणू म्हणजे कशाभिकांच्या मदतीवाचून, घन किंवा ओलसर पृष्ठभागाला चिकटून, आपल्या शरीराच्या लांबीच्या दिशेने पुढे जाणारे जीवाणू होत. त्यांच्या या गतीस ‘सर्पण’ असे म्हणता येईल. प्रस्तुत लेखात हाच शब्द वापरला आहे. सरकताना जीवाणूचे शरीर सापासारखे वळवळत नाही आणि अमीबासारखे आकारही बदलत नाही. सूक्ष्मदर्शीतून पाहिल्यास एखादी ताठ काडी काचेवरून आपोआप पुढे जात असल्याचा भास होतो. ही गती कशामुळे निर्माण होते, हा प्रश्न शंभर वर्षांहून अधिक काळ जीवशास्त्रज्ञांपुढे होता. तिच्यामागे एकच यंत्रणा नसून जीवाणूंच्या निरनिराळ्या कुळांत परस्परांशी संबंध नसलेल्या अनेक यंत्रणा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाल्या आहेत, हे आता स्पष्ट झाले आहे.

सर्पणाचे महत्त्व एकेका पेशीच्या प्रवासापुरते मर्यादित नाही. या गतीमुळे जीवाणूंची वसाहत पृष्ठभागावर पातळ थराच्या रूपाने पसरते, अन्नापर्यंत पोहोचते आणि काही जातींमध्ये उपासमारीच्या काळात एकत्र येऊन बीजाणू धारण करणारे फलपिंड बनवते. मिक्सोकॉकस झँथस या जीवाणूचा या दृष्टीने सर्वाधिक अभ्यास झाला आहे. त्याची प्रत्येक पेशी काही मिनिटांनी उलटी फिरते आणि आल्या वाटेने परत जाऊ लागते. तरीही वसाहत सतत बाहेरच्या दिशेने वाढत राहते. या वरकरणी विसंगतीचे स्पष्टीकरण लेखाच्या ‘दिशाबदल’ या भागात दिले आहे.

व्याख्या आणि गतीचे प्रकार

जीवाणू पृष्ठभागावरून अनेक रीतींनी पसरतात. डॅनिश सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ यर्गन हेन्रिकसन यांनी १९७२ मध्ये या रीतींचे पद्धतशीर वर्गीकरण केले. आजही बहुतेक पाठ्यपुस्तके त्याच वर्गीकरणाचा आधार घेतात. त्यातील प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे आहेत:

• पोहणे : द्रवात कशाभिका फिरवून केलेली हालचाल. एश्चेरिकिया कोलाय हा आतड्यातील जीवाणू अशा रीतीने एका सेकंदात सुमारे २० ते ३० मायक्रोमीटर अंतर कापतो.
• थव्याने पसरणे : पृष्ठभागावरील पातळ द्रवथरात अनेक पेशींनी मिळून कशाभिकांच्या साहाय्याने केलेली हालचाल. प्रोटियस या जीवाणूच्या वसाहतीभोवती उमटणारी वर्तुळे याच प्रकारची आहेत.
• झटक्यांची चाल : पिलस या नावाने ओळखले जाणारे सूक्ष्म केशतंतू बाहेर टाकून व आत ओढून थांबतथांबत केलेली हालचाल.
• घसरणे : पेशींची संख्या वाढल्याने आतून येणाऱ्या रेट्यामुळे वसाहत बाहेर ढकलली जाणे. यात पेशी स्वतः जोर लावत नाहीत.
• सर्पण : कशाभिका नसताना पेशीने लांबीच्या अक्षावर केलेली संथ, सलग व सक्रिय हालचाल.

सर्पणाची व्याख्या करताना ‘काय नाही’ यावर भर दिलेला आहे, हे ध्यानात घ्यावे. कशाभिका दिसत नाहीत, तरी जीवाणू पुढे जातो, एवढ्याच आधारावर पूर्वी अनेक असंबद्ध जीवाणू एका गटात घातले गेले. त्यामुळे ‘सरकणारे जीवाणू’ हा वर्गीकरणातील नैसर्गिक गट नाही. ते केवळ चालीवरून पडलेले नाव आहे. मलेरियाचा परजीवी प्लाझ्मोडियम आणि त्याचे काही नातलगही पृष्ठभागावरून सरकतात. परंतु ते केंद्रकयुक्त एकपेशीय जीव असून त्यांची यंत्रणा अॅक्टिन व मायोसिन या प्रथिनांवर चालते. त्यांचा समावेश या लेखात केलेला नाही.

संशोधनाचा इतिहास

सरकणारे जीवाणू लोकांच्या नजरेस प्रथम आले ते नील-हरित शैवालाच्या रूपाने. डबक्यातील हिरवट तंतू सूक्ष्मदर्शीखाली संथपणे पुढेमागे सरकतात आणि त्यांची टोके झोके घेतात. ऑसिलॅटोरिया या वंशाच्या नावाचे मूळ ‘झोके घेणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. हे जीव शैवाल नसून सायनोबॅक्टेरिया या गटातील जीवाणू आहेत, ही गोष्ट पुष्कळ नंतर सर्वमान्य झाली.

दुसरा धागा कवकशास्त्रातून आला. कुजक्या लाकडावर व जनावरांच्या विष्ठेवर वाढणारे, नारिंगी रंगाचे, सूक्ष्म झाडांसारखे दिसणारे काही पिंड एकोणिसाव्या शतकात कवक म्हणून नोंदवले गेले होते. हार्वर्ड विद्यापीठातील कवकशास्त्रज्ञ रोलंड थॅक्स्टर यांनी १८९२ मध्ये दाखवून दिले की, हे पिंड कवकाचे नसून दंडाकार जीवाणूंनी एकत्र येऊन उभारलेले आहेत. या जीवाणूंच्या पेशी सरकत जाऊन एका ठिकाणी जमतात, हेही त्यांनी नोंदवले. अशा रीतीने मिक्सोबॅक्टेरिया या गटाची ओळख पटली. जीवाणू म्हणजे एकेकटी राहणारी पेशी, या त्या काळच्या समजुतीला हा मोठा धक्का होता.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रश्नाला जनुकशास्त्राची जोड मिळाली. जोनाथन हॉजकिन आणि डेल कायझर यांनी १९७७ ते १९७९ या काळात मिक्सोकॉकस झँथसचे न चालणारे उत्परिवर्तित प्रकार मिळवून, या जीवाणूच्या अंगी चालण्याच्या दोन स्वतंत्र पद्धती असल्याचे सिद्ध केले. १९८२ मध्ये रिचर्ड लॅपिडस व हॉवर्ड बर्ग यांनी सायटोफॅगा या सरकणाऱ्या जीवाणूच्या पृष्ठभागावर चिकटलेले पॉलिस्टायरीनचे सूक्ष्म मणी पेशीवरून इकडून तिकडे वाहून नेले जातात, हे दाखवले. पेशीच्या बाह्य पृष्ठभागावरच काहीतरी फिरते आहे, याचा तो ठळक पुरावा ठरला. २००६ मध्ये मिक्सोकॉकस झँथसचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. तो सुमारे ९१ लाख आधारजोड्यांचा, म्हणजे एश्चेरिकिया कोलायच्या जनुकसंचाच्या जवळजवळ दुप्पट आहे.

सर्पणाच्या यंत्रणा

मिक्सोकॉकस झँथस : दोन चाली

ही मातीत राहणारी दंडाकार पेशी सुमारे ५ ते ७ मायक्रोमीटर लांब व अर्धा मायक्रोमीटर रुंद असते. तिच्या दोन चालींना संशोधकांनी ‘धाडसी’ आणि ‘सामाजिक’ अशी नावे दिली आहेत.

धाडसी चालीत पेशी एकटी निघते आणि वसाहतीपासून दूर जाऊ शकते. या वेळी तिचा वेग मिनिटाला साधारणतः २ ते ४ मायक्रोमीटर असतो. म्हणजे स्वतःच्या लांबीइतके अंतर जाण्यास तिला दोन-तीन मिनिटे लागतात. ही चाल कोरड्या व टणक पृष्ठभागावर अधिक प्रभावी ठरते. पेशी मागच्या टोकातून श्लेष्मा, म्हणजे बुळबुळीत स्राव, जोराने बाहेर टाकते आणि त्याच्या रेट्याने पुढे जाते, असे काही काळ मानले जात होते. २००७ मध्ये ताम मिन्यो व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळे चित्र मांडले. पेशीच्या पुढच्या टोकाशी प्रथिनांचे पुंजके तयार होतात, ते आतून पेशीपटलाला आणि बाहेरून जमिनीला जोडले जातात. पेशी पुढे जाते, पण हे पुंजके जमिनीच्या संदर्भात जागच्या जागी राहतात आणि मागच्या टोकाशी पोहोचल्यावर विरघळतात. माणूस चालताना त्याचे पाऊल जमिनीवर टेकलेले राहते आणि शरीर त्यावरून पुढे जाते, तसाच हा प्रकार आहे. या यंत्राला लागणारी ऊर्जा पेशीपटलाच्या दोन बाजूंमधील प्रोटॉनच्या प्रवाहातून मिळते. गंमत अशी की, त्यातील चालक प्रथिने ही कशाभिका फिरवणाऱ्या चालक प्रथिनांची दूरची नातलग आहेत.

सामाजिक चाल ही जवळजवळ असलेल्या पेशींचीच चाल आहे. पेशीच्या पुढच्या टोकातून केशतंतू बाहेर पडतात, समोरच्या पृष्ठभागाला किंवा शेजारच्या पेशीवरील बहुशर्करेला चिकटतात आणि नंतर आखडून आत ओढले जातात. नावाडी काठावरच्या खुंटाला दोर अडकवून नाव ओढून घेतो, त्याप्रमाणे पेशी पुढे ओढली जाते. शेजारी पेशीच नसेल, तर ही चाल सहसा चालत नाही. ओल्या व मऊ पृष्ठभागावर ती धाडसी चालीपेक्षा सरस ठरते. काटेकोर व्याख्येनुसार सामाजिक चाल ही झटक्यांच्या चालीच्या जवळची आहे; परंतु एकाच जीवाणूत दोन्ही एकत्र आढळत असल्याने त्यांचे वर्णन सामान्यतः सर्पणाखाली केले जाते.

हॉजकिन व कायझर यांना एक अनपेक्षित गोष्टही आढळली. न चालणाऱ्या दोन भिन्न प्रकारच्या उत्परिवर्तित पेशी एकत्र मिसळल्या की, त्यांतील काही तात्पुरत्या चालू लागत. त्यांच्या जनुकांत मात्र काहीच बदल झालेला नसे. एका पेशीजवळ नसलेले प्रथिन शेजारची पेशी तिला बाह्यपटलाच्या स्पर्शातून उसने देते, हे त्यामागचे कारण पुढे स्पष्ट झाले. उसने घेतलेले प्रथिन संपले की पेशी पुन्हा जागच्या जागी थांबते.

फ्लॅव्होबॅक्टेरियम : फिरती माळ

फ्लॅव्होबॅक्टेरियम जॉन्सोनी हा माती व गोड्या पाण्यात आढळणारा जीवाणू सेकंदाला सुमारे २ मायक्रोमीटर वेगाने सरकतो. म्हणजे मिक्सोकॉकसला जे अंतर जाण्यास एक मिनिट लागते, ते हा एक-दोन सेकंदांत कापतो. त्याला केशतंतू लागत नाहीत. पेशीच्या बाह्य पृष्ठभागावर एसपीआरबी नावाचे अत्यंत लांब, चिकट प्रथिन असते. हे प्रथिन पेशीभोवती मळसूत्राकार मार्गाने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते आणि परत येते. रहाटगाडग्यावरची गाडग्यांची माळ जशी एका बाजूने वर व दुसऱ्या बाजूने खाली जात राहते, तशी ही चिकट प्रथिनांची माळ अखंड फिरत असते. जे प्रथिन जमिनीला चिकटते, ते जागीच राहते आणि पेशी पुढे सरकते.

ही माळ फिरवणारी मोटर गोल फिरणारी आहे, हे २०१५ मध्ये अभिषेक श्रीवास्तव, पुष्कर लेले व हॉवर्ड बर्ग यांच्या प्रयोगातून दिसले. त्यांनी पेशी काचेला एका बिंदूपाशी जखडली, तेव्हा ती त्या बिंदूभोवती गरगर फिरू लागली. जीवाणूंमध्ये गोल फिरणारी यंत्रे फारच थोडी माहीत आहेत. त्यांत कशाभिकेची मोटर सर्वपरिचित आहे. सर्पणाची मोटर तिच्याहून वेगळ्या प्रथिनांची बनलेली आहे. ती प्रथिने पेशीबाहेर टाकण्याच्या ‘नवव्या प्रकारच्या स्रावयंत्रणे’शी जोडलेली असते. चालणे व स्रवणे या दोन कामांची अशी सांगड असणे, हे या गटाचे वैशिष्ट्य आहे.

मायकोप्लाझ्मा : सूक्ष्म पाय

मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जीवाणूंना पेशीभित्तिका नसते. माशाच्या कल्ल्यांतून मिळालेला मायकोप्लाझ्मा मोबिले हा त्यांतला सर्वांत वेगवान असून सेकंदाला २ ते ४ मायक्रोमीटर सरकतो. त्याच्या मानेसारख्या भागावर काहीशे सूक्ष्म प्रथिनपाय असतात. ते यजमान पेशीवरील सियालिक आम्लयुक्त शर्करांना पकडतात, ओढतात व सोडतात. जपानी संशोधक माकोतो मियाता व त्यांचे सहकारी यांनी २००५ मध्ये एक लक्षणीय प्रयोग केला. अपमार्जकाने पेशींची पटले सच्छिद्र करून त्यांनी पेशी ‘मृत’ केल्या, सर्पण थांबले. नंतर बाहेरून एटीपी हे ऊर्जाद्रव्य घालताच त्या रिकाम्या पेशी पुन्हा सरकू लागल्या. यावरून येथील ऊर्जास्रोत प्रोटॉनचा प्रवाह नसून एटीपी आहे, हे सिद्ध झाले. मानवात फुप्फुसदाह करणारा मायकोप्लाझ्मा न्यूमोनिई हाही सरकतो. परंतु त्याची चाल पुष्कळ संथ असून त्याची पकड घेणारी प्रथिने वेगळी आहेत.

सायनोबॅक्टेरिया व बेजियाटोआ : तंतूंची चाल

ऑसिलॅटोरिया व फॉर्मिडियम यांसारख्या वंशांत अनेक पेशी एकापुढे एक जोडल्या जाऊन तंतू बनतो आणि संपूर्ण तंतू सरकतो. अनेक जातींत तो सरकताना स्वतःच्या अक्षाभोवती फिरतो. त्यांचा वेग सेकंदाला काही मायक्रोमीटर असतो. नॉस्टॉक या वंशात विशिष्ट अवस्थेतले आखूड तंतू केशतंतूंच्या आधारे सरकतात. ऑसिलॅटोरियासारख्या जातींत श्लेष्म्याचा स्राव नेमका किती हातभार लावतो, याविषयी संशोधकांत अजून एकमत नाही. गंधकयुक्त पाण्यात राहणारा बेजियाटोआ हाही तंतुरूप असून ऑक्सिजन व हायड्रोजन सल्फाइड या दोहोंच्या सीमेवरील अरुंद पट्ट्यात राहण्यासाठी तो सतत पुढेमागे सरकत असतो.

वसाहतीचा विस्तार

वसाहतीची कड

अगारयुक्त पोषकद्रव्यावर मिक्सोकॉकसचा एक थेंब ठेवल्यास काही तासांत त्याची कड विस्कटू लागते. कडेवरून जिभेसारखे फाटे बाहेर येतात. त्यांत शेकडो पेशी एकमेकींना समांतर असतात. त्याहीपुढे एखाददुसरी एकटी पेशी दिसते. केवळ या कडेकडे पाहून कोणती चाल बिघडली आहे, हे ओळखता येते. सामाजिक चाल नसलेल्या वसाहतीच्या कडेला एकट्या पेशी विखुरलेल्या असतात. धाडसी चाल नसलेल्या वसाहतीच्या कडेला पेशींचे घट्ट गट असतात, एकटी पेशी नसते. दोन्ही चाली नसतील, तर कड चाकूने कापल्यासारखी गुळगुळीत राहते. अशी वसाहत वाढते खरी. पण ती उंच होत जाते, पसरत नाही. फ्लॅव्होबॅक्टेरियममध्येही हेच दिसते: सरकणाऱ्या पेशींची वसाहत पातळ व पसरट, तर न सरकणाऱ्यांची लहान व फुगीर असते.

पेशींची वाढ आणि पेशींची चाल या दोन्ही गोष्टी विस्ताराला आवश्यक आहेत. वाढीमुळे वसाहतीच्या आत गर्दी निर्माण होते. चालीमुळे ती गर्दी बाहेर वाहू लागते. आत पेशी दाट व बाहेर विरळ असल्याने कोणत्याही क्षणी कडेकडून बाहेर जाणाऱ्या पेशी आत येणाऱ्यांपेक्षा अधिक असतात. त्यामुळे एकाही पेशीला ‘बाहेर जायचे आहे’ हे ठाऊक नसतानाही वसाहत मात्र बाहेर पसरते.

सरकलेली पेशी मागे श्लेष्म्याची पातळ रेघ सोडते. दुसरी पेशी त्या रेघेवर आली की, बहुधा वळून तिच्यावरूनच जाऊ लागते. पुष्कळ पेशी गेल्या की पायवाट रुळते आणि पुढच्या पेशींना ती अधिकच ओढून घेते. शेतातून माणसांच्या जाण्यायेण्याने वाट पडावी, तशीच ही वाट कोणी आखलेली नसते.

दिशाबदल

मिक्सोकॉकसची पेशी वळून मागे फिरत नाही. ती क्षणभर थांबते आणि तिचे मागचे टोक पुढचे होऊन ती उलट दिशेने चालू लागते. असा दिशाबदल सरासरी सुमारे आठ मिनिटांनी होतो. पेशीच्या पुढच्या टोकाशी एमजीएलए व मागच्या टोकाशी एमजीएलबी हे प्रथिन असते. दिशाबदलाच्या वेळी ही दोन प्रथिने आपली जागा बदलतात. एका टोकाचे केशतंतू मोडून दुसऱ्या टोकाशी नवे तयार होतात. एमजीएलए तयार करणारे जनुक बिघडले, तर दोन्ही चाली एकदमच नष्ट होतात.

मिनिटाला ४ मायक्रोमीटर वेगाने जाणारी पेशी आठ मिनिटांत ३२ मायक्रोमीटर पुढे जाते आणि पुढच्या आठ मिनिटांत तितकीच मागे येते, असे धरल्यास तिची एकूण प्रगती शून्य होते. मग हा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर उत्परिवर्तित पेशींनी दिले. दिशाबदलाचा काळ ठरवणाऱ्या ‘एफआरझेड’ या संवेदन-यंत्रणेत बिघाड असलेल्या पेशींचा डेव्हिड झुसमन यांनी अभ्यास केला. त्यांतील बहुतेक पेशी फार क्वचित दिशा बदलत. त्या सरळ लांबवर जात, तरी त्यांच्या वसाहती नीट पसरत नसत आणि उपासमारीत त्यांचे पिंड न बनता कुरळ्या केसांसारख्या गुंतागुंतीच्या बटा तयार होत. याउलट, फारच वारंवार दिशा बदलणाऱ्या पेशी जवळजवळ जागच्या जागी पुढेमागे होत राहत; त्यांच्या वसाहतीही पसरत नसत. म्हणजे विस्तारासाठी दिशाबदल टाळणे हितावह नाही आणि त्याचा अतिरेकही हितावह नाही.

२००९ मध्ये यिलिन वू, डेल कायझर, यी जियांग व मार्क आल्बर यांनी संगणकीय प्रतिमानाच्या साहाय्याने हे कोडे उलगडले. दाट गर्दीत सरळ जाणाऱ्या पेशी समोरच्या पेशींवर आदळतात आणि कोंडी होते. मागून येणाऱ्या पेशी ती कोंडी अधिकच घट्ट करतात. प्रत्येक पेशी ठरावीक काळाने मागे फिरली, तर अडकलेल्या पेशी मोकळ्या होतात, एकमेकींना समांतर होतात आणि बाहेर जाण्याची वाट पुन्हा खुली होते. अरुंद गल्लीत समोरासमोर अडकलेल्या दोन वाहनांपैकी एकाने थोडे मागे घेतल्याशिवाय कोंडी फुटत नाही, हा अनुभव येथे लागू पडतो. दिशाबदलाचा काळ बदलून पाहिला असता वसाहत सर्वाधिक वेगाने पसरली ती हा काळ सुमारे आठ मिनिटे असताना. प्रत्यक्ष पेशींचा काळही तितकाच आहे. एका पेशीच्या दृष्टीने निरर्थक वाटणारे माघारी फिरणे हेच समूहाला पुढे नेते, हा या संशोधनाचा निष्कर्ष होय.

लाटा आणि फलपिंड

अन्न संपले की मिक्सोकॉकसच्या पेशी विस्तार थांबवून एकत्र येऊ लागतात. आरंभी पेशींनी काही विशिष्ट अमिनो आम्ले बाहेर सोडलेली असतात. त्यांचे प्रमाण पुरेसे असले, तरच पुढची पायरी सुरू होते. आजूबाजूला पुरेशी संख्या आहे की नाही, याची ही मोजणीच असते. पुढचा संकेत मात्र पेशी एकमेकींना स्पर्श करूनच देतात.

या काळात वसाहतीवर नियमित अंतराच्या लाटा दिसू शकतात. समोरासमोर येणाऱ्या दोन लाटा एकमेकींतून आरपार गेल्यासारख्या वाटतात. वास्तविक दोन्ही लाटांतील पेशी एकमेकींना भेटताच दिशा बदलतात व आल्या वाटेने परत जातात. म्हणून लाटा आरपार गेल्याचा आभास होतो. शिकार होऊ शकणाऱ्या जीवाणूंच्या थरावर चाल करून जातानाही अशाच लाटा दिसतात.

त्यानंतर ठिकठिकाणी पेशींचे ढिगारे तयार होतात. एका ढिगाऱ्यात सुमारे एक लाख पेशी असू शकतात आणि तो मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा असतो. सुमारे २४ तासांत ढिगारे आकार घेतात आणि तीन दिवसांत त्यांच्या आत गोल, टणक कवचाचे बीजाणू तयार होतात. हे बीजाणू कोरडेपणा व उष्णता सोसू शकतात. एकत्र आलेल्या सर्वच पेशी बीजाणू होत नाहीत. मोठा भाग मधल्या काळात फुटून नष्ट होतो, तर काही पेशी बाहेर दंडाकारच राहतात. अनुकूल परिस्थिती येताच पिंडातील बीजाणू एकदमच रुजतात. त्यामुळे नवी वसाहत एका पेशीऐवजी समूहापासून सुरू होते. दोन्ही चाली नसलेल्या पेशी असे पिंड बनवू शकत नाहीत.

निसर्गातील स्थान

मिक्सोबॅक्टेरिया हे मातीतील शिकारी आहेत. ते अन्य जीवाणूंना संपर्काने मारतात व बाहेर सोडलेल्या विकरांनी त्यांचे पचन करतात. अनेक पेशी एकत्र असल्यास विकरांचे प्रमाण पुरेसे राहते, म्हणून थव्याने फिरणे त्यांना सोयीचे ठरते. सायटोफॅगा हचिन्सोनी हा मातीतील जीवाणू वनस्पतींच्या सेल्युलोजच्या तंतूंना चिकटून, त्यांच्यावरून सरकत त्यांचे विघटन करतो. पालापाचोळा कुजण्याच्या प्रक्रियेत अशा जीवाणूंचा वाटा असतो.

मिक्सोबॅक्टेरिया अनेक औषधी द्रव्ये निर्माण करतात. सोरँगियम सेल्युलोसम या जातीपासून मिळालेल्या एपोथिलोन या द्रव्यावर आधारित इक्झाबेपिलोन हे औषध स्तनाच्या कर्करोगावर वापरण्यास अमेरिकेत २००७ मध्ये मान्यता मिळाली.

फ्लॅव्होबॅक्टेरिया व त्यांच्या समुद्री नातलगांच्या काही वसाहती तिरप्या प्रकाशात मोरपिसासारख्या हिरव्या-निळ्या चमकतात. हा रंग रंगद्रव्याचा नसून पेशींच्या नियमित रचनेवर प्रकाश विखुरल्याने निर्माण होतो. सर्पणाशी संबंधित जनुके बिघडली की ही रचना विस्कटते आणि चमक बदलते.

रोगांशी संबंध

फ्लॅव्होबॅक्टेरियम कॉलम्नेअर या जीवाणूमुळे गोड्या पाण्यातील माशांना स्तंभरोग होतो. कल्ले व कातडी कुजणे ही त्याची मुख्य लक्षणे असून, उष्ण पाण्यात व दाटीने पाळलेल्या माशांत त्याचा प्रादुर्भाव अधिक होतो. अमेरिकेतील हर्बर्ट स्पेन्सर डेव्हिस यांनी मिसिसिपी नदीतील माशांवरून १९२२ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. बाधित उतीवर हे जीवाणू सरकत एकत्र येऊन खांबासारखे ढीग बनवतात. त्यावरून हे नाव पडले. या जीवाणूची स्रावयंत्रणा निकामी केली असता तो सरकू शकत नाही आणि माशांना रोगही करू शकत नाही, असे प्रयोगांत आढळले आहे. तथापि एवढ्यावरून सर्पण हेच रोगाचे कारण आहे असे म्हणता येत नाही. कारण त्याच यंत्रणेतून उतींना इजा करणारी विकरेही बाहेर पडतात.

मानवी तोंडात राहणारे कॅप्नोसायटोफॅगा हे जीवाणूही सरकतात. २०१८ मध्ये असे आढळले की, ते स्वतः न चालू शकणाऱ्या अन्य जीवाणूंना आपल्या पृष्ठभागावरून वाहून नेतात. दातांवरील किटणात निरनिराळ्या जीवाणूंची मांडणी कशी होते, हे समजण्यास या निरीक्षणाची मदत होते.

शालेय सूक्ष्मदर्शीतून निरीक्षण

सर्पण पाहण्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. नळाजवळच्या सतत ओल्या जमिनीवर, गटाराच्या काठावर किंवा साचलेल्या पाण्यावर काळपट-हिरवा, मखमलीसारखा थर दिसतो. त्यात बहुधा ऑसिलॅटोरियासारखे तंतू असतात. त्याचा लहानसा कण पाण्याच्या थेंबात काचपट्टीवर ठेवून वर पातळ काच ठेवावी आणि काही मिनिटे स्थिर राहू द्यावी. शंभर ते चारशे पट वर्धनाखाली तंतू संथपणे सरकताना दिसतात. पाण्याच्या प्रवाहाने वाहणारे कण सर्व एकाच दिशेने जातात. सरकणारे तंतू मात्र निरनिराळ्या दिशांना जातात व मधूनच मागे फिरतात. हा फरक विद्यार्थ्यांनी अवश्य टिपावा.

असाच थर काळ्या कागदाने झाकलेल्या उथळ भांड्यात ठेवून कागदाला एक लहान छिद्र पाडल्यास, एक-दोन दिवसांत छिद्राखालच्या उजेडात तंतू अधिक दाट जमलेले आढळतात. निरीक्षणानंतर हात साबणाने स्वच्छ धुवावेत. मातीतील किंवा तोंडातील जीवाणू घरी अगारवर वाढवू नयेत. ते काम प्रयोगशाळेत व जाणकारांच्या देखरेखीखालीच करावे.

हेही पाहा

• जीवाणू
• कशाभिका
• सायनोबॅक्टेरिया
• मिक्सोबॅक्टेरिया
• मायकोप्लाझ्मा
• बीजाणू
• सूक्ष्मदर्शी